नाना व्हिएतनामला, डोळे हमरापूरला

घरातली माणसं परदेशी गेली की किस्से तिकडे घडायला हवेत. आमचे निम्मे इकडेच घडले. मी रोह्याची, लग्न होऊन पेणला रामवाडीत आले त्याला आठ महिने झाले. मी कमी बोलते, म्हणून घरातला प्रत्येक जण आपली बाजू मलाच ऐकवतो. त्यामुळे साठा माझ्याकडे!

आधी मामला सांगते. हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना आहे. रंग कुणीही देतं, पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी फक्त सासरे करतात, म्हणजे नाना. मी आठ महिने तडा गेलेल्या मूर्तींवर डोळे काढून हात बसवत होते. चांगली मूर्ती अजून मिळाली नव्हती. यंदा परदेशी जाणाऱ्या एकवीस मूर्तींचा रंग वाळायला उशीर झाला, आणि नाना आणि सासूबाई, म्हणजे आई, यांची ज्येष्ठ मंडळींबरोबरची व्हिएतनामची टूर तर ठरलेली. नाना म्हणाले, "डोळे सूनबाई काढेल. पण माझ्या नजरेसमोर. फोनवर का होईना! नायतर मूर्ती राहू देत."

ट्रक गुरुवारी यायचा होता. म्हणजे माझी पहिली आखणी नानांच्या इंटरनेटवर येऊन अडली.

*

रोह्यात माझ्या धाकट्या भावाचं मोबाइलचं दुकान आहे. तो फोनवर म्हणाला, ई-सिम घ्या, त्याला कार्ड नसतं.

"मग फोनमधे घालायचं काय?" नाना.

"काहीच नाय घालायचं."

"मग घेतलं काय?"

 मग भावाने नानांच्या फोनवर कोड पाठवला आणि सांगितलं, याच फोनने स्कॅन करा. आता फोन स्वतःकडेच कसा बघणार? नाना पंधरा मिनिटं कपाटाच्या आरशासमोर फोन धरून उभे होते. एकदा सरळ, एकदा आडवा, एकदा पाठमोरे वळून! शेवटी त्यांनीच तोडगा काढला. आईंचा फोन घेतला आणि त्याने कोड स्कॅन केला. टिंग!

"झालं की!" नाना खूश.

 पलीकडून भाऊ म्हणाला, "ताई, नेट आता तुझ्या सासूबाईंचं झालं गो. एकदा स्कॅन झालं की झालं."

*

त्यामुळे नानांना नेट मिळणार ते आईंच्या हॉटस्पॉटवरून, तेही दहा पावलांच्या आत. पस्तीस वर्षं आई नानांच्या मागून चालल्या. व्हिएतनाममधे नाना आईंच्या मागून चालले!

आई मला म्हणाल्या, "अगो, सप्तपदीलाही एवढे चिकटून चालले नव्हते."

नानांनी जेवणाला नावं ठेवली, की त्या हॉटस्पॉट बंद करायच्या.

*

पण हे नंतर. सोमवारी सकाळी विमान उतरलं आणि मंगळवार दुपारपर्यंत दोघांचाही पत्ता नाही. माझा नवरा नीलेश टूरवाल्यांना दहा फोन करून बसला. शेवटी तिथल्या गाइडच्या फोनवरून आई बोलल्या.

"आई, फोन का बंद?"

"बंद कुठे? विमानातल्या बाईनं फ्लाइट मोडवर टाका म्हणून सांगितलं, टाकला. काढा म्हणून ती काय बोललीच नाय!"

*

आमचे जुने कारागीर बबनदादा. त्यांना मी सांगितलं, व्हिएतनामचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं. दादा ब्रश धुता धुता थांबले.

"दीड तास पुढं?"

"हो."

"मग नानांना इचार ना गो, ट्रक आला का!"

 क्षणभर मलाही तेच बरोबर वाटलं.

*

बुधवारी आईंचा निरोप आला, मूर्तींबरोबर तुझाही फोटो पाठव. मी सेल्फी काढून पाठवली. पाच मिनिटांत नानांचा आवाज: "एकवीसच्या एकवीस उजव्या सोंडेचे? कुणी केलं हे? माझी पाठ वळली नाय तोवर..." आणि नेट गेलं.

कारखान्यात धावपळ! उजव्या सोंडेचा म्हणजे केवढं कडक सोवळं, आणि ते एकवीस, तेही परदेशात. नीलेश प्रत्येक मूर्तीसमोर उभा राहून स्वतःचा हात वर करून बघायला लागला. बबनदादा त्याच्या मागे.

"डावीच हाय."

"कुणाची डावी? आपली का बाप्पाची?"

यावर दोघंही गोंधळले. दहाव्या मूर्तीपर्यंत नीलेशला स्वतःचा उजवा हात कुठला तेही सांगता येईना. मी परत फोटो पाहिला. मागच्या भिंतीवरची कारखान्याची पाटी त्यात आरशातल्यासारखी उलटी दिसत होती. मी फोन दोघांसमोर धरला.

बबनदादा म्हणाले, "ही पाटी कुणी फिरवली?"

*

गुरुवार. ट्रकवाला रस्ता चुकला म्हणून नीलेश आणि बबनदादा त्याला आणायला गेले. कारखान्यात मी एकटी. व्हिडिओ कॉल लागला. नाना नदीकाठी बाकावर बसलेले.

मूर्ती नीट दिसाव्यात म्हणून फोन माझ्या मागे उंच स्टुलावर ठेवला, कॅमेरा मूर्तींकडे. स्क्रीन मला दिसत नव्हता.

नाना म्हणाले, "कर सुरू. आता मी बोलणार नाय. चुकलीस तरच बोलेन."

पहिली मूर्ती झाली. मागून आवाज नाही. दुसरी, तिसरी, आवाज नाही. माझा हात मोकळा होत गेला. सातव्या मूर्तीचा डावा डोळा जरा वर गेला. मी थांबले. नाना काहीच बोलले नाहीत. ओल्या फडक्याने पुसला, परत काढला. तरीही नाहीत. एकविसावी संपवून मी वळले.

"नाना, झालं."

फोन कधीच विझला होता. कॉल लागल्याची नोंद होती दोन मिनिटांची!

फोन लावला, लागेना. बाहेर ट्रकचा हॉर्न. नीलेशने विचारलं, "नानांनी बघितलं ना सगळं?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही सांगता येणार नाही. सातव्या मूर्तीचं मी कुणाला बोललेच नाही, आणि मूर्ती गेल्या.

रविवारी नाना परतले आणि आईंसकट तडक कारखान्यात आले. म्हणाले, "उद्यापासून मोठ्या मूर्तींच्या आखणीला बस."

मला राहवेना. "नाना, तुमचा फोन तर दोनच मिनिटं..."

"अगो, मी बोटीतनं फिरायला गेले ना हॉटस्पॉटचा फोन घेऊन!" आई म्हणाल्या. "आणि हे काठावर बसून पेंगत होते. सगळ्या ग्रुपने बघितलं."

नाना ब्रशाचं टोक बोटांनी सारखं करत होते. वर न बघता म्हणाले, "फक्त सातव्याचा डावा डोळा पुसून परत काढलास, तसं पुन्हा करू नको."