सगळं सी ड्राइव्हमध्येच आहे

हाताखाली माझ्याहून हुशार माणूस आला की माझं डोकं फिरतं. ही खोड जुनी आहे आणि मी ती कधी लपवली नाही. त्या मुलीच्या बाबतीत मात्र ती नुसती खोड राहिली नाही.

आमच्या कंपनीचं ऑफिस मानकोलीला होतं आणि गोदाम पूर्ण्याला. गोदामातून जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर लेबल लागायचं. लेबल छापणारा प्रोग्राम सगळ्या मशीनवर होता, पण कुठे ठेवलाय ते फक्त मला ठाऊक. अर्धी मशीन विंडोजवर चालायची, अर्धी लिनक्सवर. एकीकडे प्रोग्रामच्या नावाला .exe असं शेपूट असतं, दुसरीकडे नसतं. फोल्डर वेगळे, सगळंच वेगळं. लेबलात काही बदल झाला की मी मोटारसायकल काढून पूर्ण्याला जायचो आणि एकेका मशीनपुढे बसून जुळवून द्यायचो. तोवर ट्रक उभे. सुपरवायझर मला चहा पाजायचा, हमाल वाट करून द्यायचे. मला ते फार आवडायचं.

ती पूर्ण्यापलीकडच्या एका गावातली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून सहा महिन्यांच्या बोलीवर आली होती. काम पटलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. आणि घरी मुलगा बघून ठेवलेला. "नोकरी पक्की झाली त बाबा थांबतील," असं ती डबा खाताना सांगायची. मी तिच्या हाय-न्हायची नक्कल करायचो. ऑफिस हसायचं, तीही हसायची.

पाचव्या महिन्यात ती एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहायला बसली. कुठल्याही मशीनवर चालवा, ती स्क्रिप्ट आधी विंडोज की लिनक्स ते ओळखायची, मग त्या त्या जागी जाऊन लेबलचा प्रोग्राम हुडकायची आणि चालू करायची. ऑफिसातल्या दोन्ही प्रकारच्या मशीनवर ती पहिल्या दणक्यात चालली. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "म्हणजे आता ह्याला पूर्ण्याला पळायची गरज नाही." ह्याला म्हणजे मला. मी हसलो. आतून पेटलो होतो.

पोरींना गोदामात पाठवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. तिथली मशीन तिने पाहिलीच नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"दादा, पूर्ण्याच्या विंडोजवाल्या मशिनींवर पन प्रोग्राम सी मंदीच हाय ना?"

नव्हता. पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे, महिन्याआड सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून कोरा करावा लागायचा. म्हणून गोदामात जे जपायचं ते सगळं डी मध्ये ठेवायची आमची रीत होती. ती मीच पाडली होती.

"सगळं सी मध्येच आहे," मी म्हणालो. "जा, काम कर."

"थँक्यू दादा," ती म्हणाली. विचार करायला मला क्षणभरही लागला नाही, हे मला आजही नीट आठवतं.

आठवड्याने साहेब तिला गाडीत घालून पूर्ण्याला घेऊन गेले. मी मागून मोटारसायकलवर. दोन ट्रक लागलेले, हमाल बसलेले. लिनक्सच्या मशीनवर लेबलं धडाधड निघाली. विंडोजच्या पहिल्या मशीनवर तिची स्क्रिप्ट म्हणाली, प्रोग्राम सापडला नाही. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तिने ती दोनदा चालवून पाहिली.

"साब, लेबल आएगा कि हम लोग सो जाएँ?" एक हमाल ओरडला आणि सगळे खदखदले. मीही.

साहेबांनी विचारलं, "घरी कॉम्प्युटर आहे का तुझ्या?"

"न्हाय."

"मग हे शिकलीस कुठे, भाताच्या खाचरात?"

खाली मान घालून तिने डी ड्राइव्ह उघडला. प्रोग्राम समोरच होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी प्रिंटरकडे.

"ह्याला विचारता येत नव्हतं?" साहेब म्हणाले.

"इचारलं व्हतं."

साहेब माझ्याकडे वळले. मी खांदे उडवले. "मला कुणी काही विचारलं नाही, साहेब."

"पाच मिन्टं द्या, साहेब, स्क्रिप्टमंदी एकच ओल बदलायची हाय," ती म्हणाली. साहेबांनी तिला पाच मिनिटं दिली नाहीत. मी खुर्ची ओढली आणि दहा मिनिटांत सगळी मशीन हातानं चालू करून दिली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. संपलं तेव्हा वळून पाहिलं तर ती गोदामाच्या दारातून चालत निघाली होती. तिचं गाव तिथून जवळच होतं. एक तारखेपासून येऊ नकोस, हा निरोपही साहेबांनी माझ्याकरवीच फोनवर दिला. पलीकडून ती "बरा" एवढंच म्हणाली. तिच्या दारात लग्नाचा मांडव पडल्याचं पुढे सुपरवायझरकडून कळलं.

पंधरा दिवसांनी साहेब म्हणाले, तिचं ते अर्धवट काम बघ जरा, उपयोगी पडेल. मी ऐटीत फाइल उघडली. डी ड्राइव्हची ओळ घालायची, आपलं नाव टाकायचं, एवढाच विचार होता.

ओळ तिथे होतीच. बिनचूक, पहिल्या दिवसापासून लिहिलेली. तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकून तिने ती बंद केली होती आणि वर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलं होतं: दादांना विचारलं, सगळं सी मध्येच आहे, डी शोधू नये.

मी थोडा वेळ ते वाचत बसलो. मग आधी तो मजकूर पुसला, नंतर ते चिन्ह काढलं, आणि स्क्रिप्ट पूर्ण्याला पाठवून दिली. पहिल्या फटक्यात चालली. साहेबांनी ऑफिसभर पेढे वाटले आणि मी दोन खाल्ले.