आईंना बारवी बघायची होती

माझ्या सासूबाई गंगूबाई यांना आयुष्यात दोनच जागा बघायच्या होत्या. एक बोधगया. ती सासरे हयात असताना बघून झाली, कारण तेव्हा मागे राहून पाणी भरायला ते होते. दुसरी जागा म्हणजे बारवी धरण. बदलापूरच्या पलीकडचं, आमच्या घरून निघालं तर जेवायच्या वेळेआधी पोचता येईल इतकं जवळ. ते मात्र राहूनच गेलं होतं.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत राहतो. नळाला पाणी सकाळी येतं, पण सकाळी म्हणजे केव्हा, ते त्या नळालाच ठाऊक. पाण्याच्या आधी पाइपातून हवा सुटते आणि बारीक सूं असा आवाज होतो. आई धागे कापायला घेतलेल्या जीन्सचा ढीग पुढ्यात ओढून बसलेल्या असतात, पण कान तिकडे. आवाज आला की कात्री टाकून दारात येतात आणि ताटलीवर पळी बडवतात. "आलं गं, आलं!" मग गल्लीभर मोटारी घुरघुरायला लागतात. बायका कणकेच्या हातांनी पाइप जोडतात. कुणाला स्वतः लक्ष ठेवायची सवयच उरलेली नाही.

या मानाच्या पदापायी आई सकाळच्या कुठल्याच लग्नाला गेल्या नाहीत. चौदा एप्रिलला निळी किनार असलेली पांढरी साडी नेसून तयार असतात, पण ड्रम भरल्याशिवाय विहाराकडे पाऊल टाकत नाहीत. माझी चिडचिड व्हायची. मी म्हणायची, "आई, तुम्ही गल्लीच्या नोकर आहात का?" त्या म्हणायच्या, "नोकराला सुट्टी असते."

मग या जानेवारीत माझ्या मुलीला, मैत्रेयीला, शाळेत प्रोजेक्ट मिळालं, आपलं पाणी कुठून येतं. ती मोबाइलवर बारवीचे फोटो काढून बसली. आईंनी चष्मा लावून ते बघितले आणि एकदम म्हणाल्या, "जन्मभर हिचं पाणी भरतेय, पण हिचं तोंड नाही बघितलं. एकदा मला नेऊन आणा रे." आई काही मागत नाहीत. साडीसुद्धा आम्ही आणली तर "कशाला" म्हणून आधी भांडतात. त्यामुळे मला गलबलून आलं आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की काही झालं तरी यांना न्यायचंच.

माझा नवरा विक्रांत जीन्सच्या वर्कशॉपमध्ये कटिंग मास्टर आहे. कापड कापताना सूतभर चूक करत नाही, पण घरचा बेत आखायला दिला की सगळं वाकडं. पहिल्यांदा त्याने रविवार ठरवला. आई म्हणाल्या, "आणि पाणी?" दुसऱ्यांदा दुपारनंतर निघायचं ठरलं, तर त्या दिवशी पाणीच दुपारी आलं. शेवटी मीच डोकं चालवलं. आमच्याकडे शुक्रवारी पाणी बंद असतं. बाजार बंद, वर्कशॉपही बंद. मग पिकनिक शुक्रवारीच! मी ऑफिसात रजा टाकली, मैत्रेयीची शाळा "प्रोजेक्टसाठी" बुडवायची ठरली. वर्कशॉपमध्ये इस्त्रीला असलेला नवसू बारवीजवळच्या एका वाडीतला. तो म्हणाला, "पाण्यात उतरायचं नाय, तिथं धोका हाय. आमच्या घरी या. अंगणातनं सगळं धरण दिसतं. मीना कोंबडी करील, भाकऱ्या करील." मीना म्हणजे त्याची बायको. आईंनी मीनासाठी साडी आणि मुलांसाठी खाऊ बांधून ठेवला. गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटल्या, "शुक्रवारी मी नाही हां. बारवीला चाललेय."

गुरुवारी संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज पडला. या आठवड्यात पाणी शुक्रवारऐवजी शनिवारी बंद.

सगळं जग सुट्टी बघून सहल काढतं, आम्ही नळ बघून काढली आणि तोंडावर आपटलो. सकाळी गाडी दारात उभी होती. आई ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. "तुम्ही जा," म्हणाल्या. "फोटो काढून आणा मोठे मोठे." त्या हसत होत्या, पण डोळे भरले होते. मैत्रेयी तिथेच भोकाड पसरून रडायला लागली. विक्रांत ड्रायव्हरला काहीतरी समजावत होता. माझा मात्र पारा चढला. मी गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडले, "एक दिवस! एक दिवस कुणी स्वतःचा कान वापरणार आहे का?"

मग समोरचं दार उघडलं. किर्ती भाभी बाहेर आली. ती सिंधी, नवऱ्याचं चेनचं, म्हणजे जीन्सला लावतात त्या चेनचं दुकान. आई आणि ती मराठी-हिंदीची खिचडी बोलून तासन्‌तास गप्पा मारतात. केस ओले, पाठीवर टॉवेल, तशीच आईंपुढे येऊन तिने हात पसरला.

"आंटी, चाबी दो."

"किसलिए?"

"पानी मैं भरेगी. ड्रम, टाकी, सब."

"तेरे को आवाज नहीं सुनाई देगा."

"नल खुल्ला रखेगी ना, आंटी! बालटी में गिरेगा तो बहरे को भी सुनाई देगा."

गल्लीत हशा पिकला. इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आईंच्या तर नाहीच नाही. त्या क्षणभर खरोखर दुखावल्या, मला दिसलं. मग स्वतःच खुदकन हसल्या. कमरेची किल्ली काढली, किर्तीच्या हातावर ठेवली, परत उचलली, "मोटर गरम होती है, बीच में बंद करना" असं बजावलं आणि पुन्हा ठेवली. विक्रांतने त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. कुणीतरी आईंचीच ताटली घेऊन बडवली आणि आम्ही निघालो.

अंबरनाथ ओलांडेपर्यंत आईंचा जीव नळात होता. बदलापूर गाव मागे पडलं, झाडी लागली, तशा त्या खिडकीकडे सरकल्या. नवसूच्या अंगणात उतरलो आणि समोर बारवी. डोंगरांच्या कुशीत दूरवर निळं, शांत पाणी, कुठे संपतं ते कळत नव्हतं. आई अंगणाच्या कडेपर्यंत चालत गेल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढं आहे? आणि आठवड्याला एक दिवस बंद करतात?" आम्ही हसून हसून खाली बसलो. चुलीवर कोंबडी शिजत होती, वास सुटला होता. आईंना खाटेवर बसवून नवसूने कोरा चहा दिला. काही न करता बसलेल्या आई मी पहिल्यांदाच पाहत होते. इतक्या सुंदर दिसत होत्या की मी न सांगता फोटो काढून घेतला.

तेवढ्यात खालच्या पायवाटेने मीना वर आली. डोक्यावर हंड्यावर हंडा. घाम पुसत हसली, "आलात मावशी?"

आईंनी चहा खाली ठेवला. "कुठून आणलंस गं?"

"खालच्या हिरीवरनं. नळ नाय आमच्याकं."

"अगं, आणि हे?" आईंनी समोरच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"ते तुमचं," मीना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. कुणाचं शेत कुठलं ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

आई उठल्या. विक्रांत म्हणाला, "आई, आज तरी बस ना." त्यांनी ऐकलं नाही. ठेवणीतल्या साडीचा पदर खोचला, रिकामा हंडा काखेला मारला आणि मीनाच्या मागे उतरू लागल्या. मीही एक कळशी उचलून गेले. जाताना मीना "नको मावशी, नको" म्हणत होती. येताना मात्र तिघींच्या गप्पा अशा रंगल्या होत्या की वाटेत दोनदा हंडे उतरवून थांबलो. कोंबडी कुठल्या मसाल्याची, मुलं अभ्यास करतात का, सासू कशी आहे. शेवटच्या प्रश्नाला दोघी माझ्याकडे बघून हसल्या. आईंचे खांदे भिजले होते आणि तोंडभर आनंद होता. मला एकाच वेळी हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती.

जेवणं झाली, आईंनी दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या. निघताना मीना म्हणाली, "मावशी, परत या हां."

"मी येईनच," आई म्हणाल्या. "पण आधी तू ये, मुलांना घेऊन राहायलाच ये. मी ताटली वाजवीन, मी भरीन. तू नुसतं चहा पीत बसायचं. नळाला हातसुद्धा लावायचा नाही, सांगून ठेवते."

मीनाला ते इतकं नवीन होतं की तिने विचारलं, "मंग मी काय करू?"

"बस," आई म्हणाल्या. "तुझंच पाणी आहे ते."