फिर्याद पिवळ्या दिव्याची

अंबरपेठेतील मोटार-मेकॅनिक नरसिंगमामा गाडीचे बॉनेट उघडण्यापूर्वी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालीत आणि मग मालकाचीच तपासणी करीत. आबिड्सच्या बाजारात लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली असल्याने प्रश्न विचारण्याचा अधिकार मी माझा समजतो. सबब हा प्रकार मला उद्धटपणाचा वाटला.

शेजारच्या दत्तोपंतांची जुनी मोटार मी विकत घेतली आणि महिनाभरातच तिच्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका दुकानदाराने स्कॅनर लावून 'ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे सर्किट' असा दोष वाचून दाखविला. दत्तोपंतांनी सदोष वाहन गळ्यात मारले, हे मी तत्काळ ताडले व चार पानी नोटीस सिद्ध केली. ती टपालात पडती, तर आमचा जन्माचा शेजार तुटला असता. परंतु मजकूर इतका उत्तम उतरला होता की, न पाठविणे जिवावर आले. नव्या सेन्सरची पावती तेवढी जोडायची होती, म्हणून मामांकडे गेलो.

"अर्जीसाहेब, स्कॅनर सांगतो ती फिर्याद हो, फैसला नव्हे," मामा म्हणाले. त्यांनी सेन्सरची जोडणी सोडवून मीटर लावला. "हीटर सलामत हाय. त्याला करंटच पोचत नाही. गल्लीत शिरताना तुम्ही खिडकीतून तोंडानं वरडत होते. हॉर्न कधीपासून बंद हाय?"

"दिवा लागला त्याच दिवसापासून. परंतु प्रस्तुत प्रकरणाशी त्याचा संबंध नाही."

"हौ? कोणता हॉर्न होता?"

सांगणे भाग पडले. मूळ हॉर्न माझ्या प्रतिष्ठेस शोभेना, म्हणून मी बसच्या तोडीचा दुहेरी भोंगा बसवून घेतला होता. मामांनी फ्यूजची पेटी उघडली. भोंग्याची तार हीटरच्याच फ्यूजला जोडलेली, आणि फ्यूज जळालेला.

"कायकू हो नवाबसाहेब? सेन्सरच्या ताटातलं भोंग्याला वाढलं!"

त्यांनी तार काढली, नवा फ्यूज घातला, स्कॅनरने जुन्या दोषाची नोंद पुसली. दिवा विझला. मग सेन्सरची पावती कशाला हवी होती ते विचारून नोटीस वाचून दाखवायला लावली. चारही पाने त्यांनी उभ्याने ऐकली. "वाह! कागद बी जाड हाय," म्हणाले आणि तिला हात पुसले. दुसरी प्रत नव्हती.

संध्याकाळी दत्तोपंतांकडे चहाला गेलो. "गाडी त्रास देत नाही ना रे?" त्यांनी विचारले.

"गाडी नाही," मी म्हणालो.

मामा गेल्या वर्षी वारले. अजूनही कोणी तावातावाने कोणाविरुद्ध अर्ज लिहवून घ्यायला आले, तर मी पेनाचे टोपण काढीत नाही. आधी विचारतो, "तुमचा हॉर्न कधीपासून बंद आहे?" माणूस चमकतो, रागावतो, आणि मग, बहुधा, खाली बसून पहिल्यापासून सांगू लागतो.