सुजाताचं नाव आणि हंसांची भिंत

आज मी सुजाताचं नाव देवळाच्या भिंतीवर लागू दिलं नाही.

मीच. कॉलेजपासूनची तिची मैत्रीण.

डोकं अजून तापलेलंच आहे, त्यामुळे जरा तिखट लिहिलं जाईल. सांभाळून घ्या, किंवा नका घेऊ.

आमच्या बॅचची आर्किटेक्ट सुजाता जाऊन आज वर्ष झालं.

मी नाशिकच्या इंदिरानगरात लोकांच्या मॉड्युलर किचनची ड्रॉइंग्ज काढत बसले. ती जुनी देवळं, दर्गे, विहार वाचवत फिरली. "तुझे क्लायंट निदान चेक देतात," म्हणायची. "माझे प्रसाद देतात."

तिचं शेवटचं काम नांदगावकडच्या एका खेड्यातलं महादेवाचं देऊळ. हेमाडपंती. अख्ख्या दगडावर गुलाबी ऑइल पेंट, फटींत सिमेंट, आणि एवढं करूनही पावसाळ्यात पिंडीवर गळती.

पहिल्याच मीटिंगला कमिटीतल्या एकाने विचारलं, "मॅडम, पूर्ण नाव काय म्हनले तुम्ही?"

सुजाताने आडनावासकट सांगितलं. सावकाश, नीट ऐकू जाईल असं.

मग तोच म्हणाला, "गाभाऱ्यात मापं घ्यायला तुमचा असिस्टंट जाईल ना?"

"बाई आहे म्हणून, की आणखी कशासाठी?"

शेवटी अध्यक्ष अण्णा म्हणाले, "जाऊ द्या रे त्यांना. देवाच्या डोक्यावर गळतंय, अन् तुम्ही नावं काय विचारत बसले."

रात्री फोनवर मीच जास्त चिडले. म्हटलं, सोड ते काम. याच नाशकात तुझ्या पणजोबांना देवळाच्या दारात अडवलं होतं. तू देव मानतही नाहीस. यांची देवळं तू कशाला दुरुस्त करायची?

"देव त्यांचा," ती म्हणाली. "पण ते दगड घडवणारे हात कुणाचे होते, ते कुठे कुणी लिहून ठेवलंय? मी त्यांच्यासाठी करते."

वाळूचा फवारा मारून रंग उडवायचं ते सँडब्लास्टिंग नको म्हणाली. मऊ ब्रश घेऊन वीत-वीतभर रंग काढून घेतला. कमिटीची कुरकुर चालूच, "मॅडम, असं तर लय दिवस जातील."

मग एक दिवस दाराशेजारच्या भिंतीवर, त्या गुलाबी रंगाच्या खालून, हंसांची रांग निघाली. गावात कुणालाच माहीत नव्हती. म्हाताऱ्या बाया बघायला आल्या म्हणे.

मला तिची व्हॉइस नोट आली. "अगं, त्यातल्या एकाने मान मागे वळवलीय. फोटो झूम करून बघ ना."

तेव्हा तिची केमो चालू होती. आवाजावरून वाटलं नसतं.

पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. अण्णांचा फोन आला, "मॅडम, थेंब नाय आत." तिने ते दिवसभर येईल त्या नर्सला सांगितलं.

एकच गोष्ट तिने कमिटीला शंभरदा बजावली होती. भिंतीला ड्रिल लावू नका. दगड हादरतो, कपच्या उडतात. उद्घाटनाची पाटी लावायची तर तिच्यासाठी अंगणात वेगळा ओटा बांधा. तोही तिने ड्रॉइंगमध्ये काढून दिला होता.

मग ती गेली. उद्घाटन नंतर झालं.

आज मी पहिल्यांदाच तिथे गेले. फुलं घेऊन गेले होते.

दाराशेजारी पांढऱ्याधोप मार्बलची पाटी. सोनेरी अक्षरं. आमदार, देणगीदार, अख्खी कमिटी, मंडपवाला. सुजाता नाही.

आणि पाटी कुठे, तर बरोब्बर हंसांवर. चार कोपऱ्यांत चार पितळी स्क्रू. मान वळवलेला तो हंस तेवढा कडेला बाहेर राहिलाय. त्याची चोच उडालीय.

माझा जो काही तोल गेला, तो इथे लिहीत नाही.

अण्णा खाली बघत म्हणाले, "राहून गेलं, ताई. चूक झाली."

राहून गेलं. मंडपवाला नाही राहिला.

आणि तो नाव विचारणारा, तो म्हणाला, "येवढं काय त्यात? नाव लावून टाकू ना. तुम्ही च्या घ्या तोवर."

मी अण्णांकडे बसले होते तेवढ्यात त्याच माणसाने नांदगावहून स्टीलची पाटी करून आणलीसुद्धा. त्यावर तिचं पूर्ण नाव. आडनावासकट. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि देवळात परत येताच त्याने ड्रिल मशीन काढून भिंतीला टेकवलं.

मी मध्ये उभी राहिले.

"आता काय झालं? नाव पाहिजे होतं ना तुम्हाला?"

"पाहिजे होतं. भिंतीत नको."

"मंग कुठं?"

"ओट्यावर. तिने काढून दिलाय तो बांधा. आणि ही मोठी पाटी उतरवून तीही तिथेच लावा."

"तिच्यावर आमदारसाहेबांचं नाव हे, ताई."

अण्णा म्हणाले, मीटिंग घेतो. घ्या. तुमच्या मीटिंगा होईपर्यंत हंस पाटीखाली. मी दर सोमवारी येणार आहे, हे तोंडावर सांगून आलेय. मला कंटाळा येत नाही, भांडायचा तर मुळीच नाही.

ती स्टीलची पाटी माझ्याकडे आहे. गाडीत, शेजारच्या सीटवर ठेवून आणली.

सुजाता, वर्षभराने का होईना, त्यांनी तुझं नाव लिहिलं होतं. मी ते लावू दिलं नाही. भिंतीला पाचवं भोक पडलं नाही, तेवढंच आज तुझ्यासाठी जमलं.

फोन ठेवताना तू जय भीम म्हणायचीस, आणि मी नुसतं 'चल, ठेवते'.

चल, ठेवते.

जय भीम.