तळं असल्याचा पुरावा

पर्यावरण धोरणाच्या संशोधन केंद्रात संदर्भकाकांना काम एकच: संशोधक मंडळी अहवालात काहीही ठोकून देत, त्याला मागाहून आधार शोधायचा. सवय इतकी अंगात मुरली होती, की बायको म्हणाली, "भाजीत मीठ जास्त झालंय," तरी हे विचारायचे, "कशावरून?" मग ती बिचारी चमचा त्यांच्या तोंडात कोंबायची.

केंद्राच्या मागेच तळं होतं. खिडकीतून दिसायचं, डासही पुरवायचं. ऑफिस सुटलं की काका आणि त्यांची बायको काठावरच्या मोडक्या बाकावर बसत आणि लेकीची काळजी, गुडघेदुखी, शेजारणीच्या कागाळ्या असं सगळं उरकत. तेवढ्या वेळात काका एकदाही "कशावरून" म्हणत नसत. त्यामुळे बायकोचा त्या तळ्यावर भारी जीव.

आता केंद्राला विजेच्या गाड्यांसाठी वाहनतळ हवा होता, आणि जागा म्हणाल तर तेवढीच. धोरण चोख होतं. ज्या पाण्याला दोन स्वतंत्र लेखी संदर्भ, ते तळं. बाकी सगळी नुसती ओली जमीन, खुशाल बुजवा.

"संदर्भ आणा, मी बुजवू देणार नाही," संचालकबाई खिडकीतून तळ्याकडे बघत म्हणाल्या. "मलाही आवडतं हो ते."

"बाई, समोर दिसतंय की!"

"काका, निदान तुम्ही तरी असं बोलू नका. दिसणं हा काय संदर्भ झाला?"

हेच वाक्य काकांनी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पाजलं होतं.

ते कपाटांत घुसले. पाण्याच्या अहवालात तळं सापडलं! खाली टीप: पक्षीगणना पाहा. पक्षीगणनेत बदकं होती, टीप: शहर आराखडा पाहा. आराखड्यात निळा ठिपका होता, टीप: पाण्याचा अहवाल पाहा. तिघे एकमेकांच्या खांद्यावर बसले होते आणि जमिनीवर पाय कुणाचाच नव्हता. नियमाप्रमाणे तिघेही बाद.

तळं बुजवण्याबद्दलच्या सुनावणीच्या दिवशी सकाळी काकांनी बायकोला काठावर नेलं, चष्मा तिच्या हातात दिला, "अग्निशमन दलाला फोन लाव," म्हणाले आणि बुटांसकट पाण्यात शिरले.

"अहो! तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"म्हणून तर!"

जवानांनी त्यांना बाहेर काढलं, तेव्हा तोंडातून पाणी आणि शब्द एकदमच आले, "कुठे बुडत होतो ते नीट लिहा!" दवाखान्यात डॉक्टरांकडूनही त्यांनी 'तळ्याचं पाणी पोटात' एवढं लिहून घेतलं. दोन वेगळी खाती, दोन कागद!

"मेला असतात म्हणजे?" बायको रडत ओरडली.

"तिसरा संदर्भ मिळाला असता."

तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलं, पण सुनावणीला सोबत आली.

संचालकबाईंनी दोन्ही कागद वाचले आणि त्यांचा चेहरा खुलला. "तळं सिद्ध!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कोपऱ्यातले सुरक्षा अधिकारी खाकरले.

"माणूस बुडेल इतकं खोल, तेही ऑफिसच्या आवारात? ओल्या जमिनीला बुजवण्याआधी हरकतींची मुदत तरी असते. असलं धोक्याचं तळं आजच बुजवावं लागतं."

"धोक्याला संदर्भ?" बाईंनी आशेने विचारलं.

अधिकाऱ्यांनी टेबलावरचे तेच दोन कागद उचलून दाखवले. बाईंनी मान खाली घालून सही केली.

संध्याकाळी मातीचे ट्रक रिकामे होत होते. बाक कधीच गाडला गेला होता. काका अजून दमट असलेल्या बुटांत कुंपणाबाहेर उभे होते.

"मीच बुजवलं गं," ते म्हणाले.

ती नाही म्हणाली नाही. फुटपाथच्या कडेवर बसली आणि शेजारची धूळ पदराने पुसली. काका तिथे बसले आणि ढसाढसा रडले.