खांडीतलं दार

ताडखारात कृष्णाबाईला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं येऊन सांगावं, त्याला चहा पाजायला हरकत नाही. पेणच्या बाजारात भाजीची पाटी मांडून बसली तरी तिचे गुडघे हलत असायचे. जेवताना अर्ध्यावर उठायची आणि ओट्यावरून खाडीकडे बघून यायची. नवरा रघू होता तोवर ओरडायचा, "अगो, पानावर तरी बस! खाडी काय पळून चाललीय?" रघू गेला. मुलगा धनेश डोलवीला कंपनीत कंत्राटी कामावर लागला, सून भूमिका गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला जाऊ लागली, आणि कृष्णाबाईच्या वाट्याला उरलं ते शेत. गावातलं सगळ्यात खोलगट, आणि खाडीच्या बांधाला अगदी लागून.

आता बांध म्हणजे काय, हे खाडीकाठच्या माणसाला विचारावं. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात, आणि मध्ये पुरुषभर उंचीचा चिखल. बस्स, एवढ्यावर सगळं गाव जगतं. उधाणाच्या भरतीला तो चिखल कुठं फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढचे दोन-तीन पावसाळे ते धुवावं लागतं, तेव्हा कुठं भात पुन्हा मान वर काढतो. म्हणून ताडखारात जुनी रीत आहे. खांडीची हाळी आली की घरटी एक माणूस बांधावर गेलंच पाहिजे. तिथं भांडण चालत नाही, भावकी चालत नाही. आणि जाताना ज्याच्या घरात जे असेल ते घेऊन जायचं. कुणी पेंढा, कुणी गोणपाट, कुणी झावळ्या. सगळं चिखलात घालायचं आणि भरती यायच्या आत भोक बुजवायचं.

गेल्या वर्षी कृष्णाबाईच्या शेतासमोरच खांड पडली होती. सगळं गाव उतरलं. घातलेला पेंढा पाण्याबरोबर वाहून जायला लागला, चिखल टिकेना, तेव्हा कृष्णाबाई धावत घरी गेली आणि गोठ्याचं दार बिजागऱ्यांसकट उपटून डोक्यावर घेऊन आली. सागाचं, रघूनं स्वतः केलेलं, हिरव्या रंगाचं. ते आडवं लावलं, त्याच्यावर चिखल थापला, आणि खांड बसली. लोक थकून घरी गेले. बायकांनी वरून हात फिरवून बांध असा गुळगुळीत केला, की जणू तिथं कधी काही झालंच नव्हतं.

तेच नडलं!

उन्हाळ्यात बांधाजवळ एक पाटी उभी राहिली. बांधाची दुरुस्ती आणि दगडी पिचिंग, म्हणजे बांधाला दगडांचं अस्तर, ग्रामपंचायतीच्या निधीतून, अमुक ठेकेदार, काम पूर्ण. कृष्णाबाईनं ती भूमिकाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. कृष्णाबाईचं माहेर रोह्याकडचं, नदीच्या काठाला दगड कसे बसवतात हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. इथं दगड कुठं होते? इथं होता सगळ्या गावाच्या बोटांचा ठसा.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. "प्रणित, दगड खंय हायत रे?"

सरपंच प्रणित म्हणजे गावचाच पोरगा, तिच्या अंगणात खेळून मोठा झालेला. गोड हसला. "काकी, दगड आत हायत. मातीच्या आत. वरून दिसायचे नायत."

"आत आमचा चिखल हाय."

"मग खोदून बघताय काय?" तो म्हणाला, आणि त्यानं पुढचा विषय घेतला.

कोण काय बोलणार? भरल्या पावसात बांधाला फावडं लावायचं, म्हणजे आपल्याच ताटात आपणच मीठ ओतायचं. असलं पाप ताडखारात कुणी करणार नाही, हे प्रणितला पक्कं ठाऊक होतं. लेकाच्यानं पैसे अशा जागी पुरले होते, की उकरायला कुणाचा हात धजू नये.

त्या दिवसापासून कृष्णाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरात पाय ठरेना. बांधावर जायची, त्या जागेवर उभी राहायची, टाचेनं दाबून बघायची. धनेश चिडायचा, "आये, गावाला नाय पडली, तुलाच का?" पैसे तिचे एकटीचे नव्हते, तरी घरपट्टी तिनं वेळेवर भरली होती. पण तिला झोंबलं होतं ते वेगळंच. तिच्या नवऱ्यानं केलेलं दार बांधाच्या पोटात होतं, आणि पाटी दुसऱ्याच माणसाच्या नावाची होती.

आणि एके दिवशी, भादव्याची अवस जवळ आली असताना, तिच्या मनात असं काही येऊन गेलं की ती स्वतःच दचकली. बांध फुटावा, असं तिला वाटलं. तिथंच फुटावा, म्हणजे सगळ्यांना दिसेल! समोर तिचंच भात पोसवलं होतं, लोंब्या वाकायला लागल्या होत्या. "काय गो मेले, वेडी झालीस?" असं ती स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. पण आलेला विचार काही परत जाईना.

अवसेच्या दिवशी उजाडताच ती बांधावर गेली, तर बांध तुटला होता.

रात्रीच्या उधाणानं बरोबर तीच जागा फोडली होती. आता ओहोटी होती, पाणी मागं गेलेलं, आणि बैलगाडी जाईल एवढी फट समोर आ वासून उभी. तिच्या शेताचा एक कोपरा खाऱ्या पाण्यानं लोळवला होता, बाकीचं भात अजून उभं होतं. कृष्णाबाईला रडू फुटलं. माझ्याच मनात आलं म्हणून झालं, असं तिला वाटलं. रडत रडतच ती खांडीत उतरली. आत पेंढा, कुजलेलं गोणपाट, झावळ्यांचे देठ. दगड? औषधाला नाही! आणि चिखलात रुतून, अर्धं बाहेर, तिचं हिरवं दार.

तिनं डोळे पुसले आणि हाळी दिली.

घरटी माणूस आलं. फावडी आली, घमेली आली. दुपारची भरती यायच्या आत खांड बुजवायची, एवढंच ज्याच्या त्याच्या डोक्यात. बायकांची रांग लागली, चिखलाचा पहिला गोळा हातोहात पुढं आला, आणि कृष्णाबाई खांडीच्या मधोमध हात पसरून उभी राहिली.

"थांबा. अजून कोणी काय टाकायचं नाय."

"गो कृष्णे, बाजूला हो!" शेजारच्या शेताची धोंडुबाई ओरडली. "डोकं फिरलंय काय तुझं?"

"सगळ्या घरचं माणूस आलंय?"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. सरपंचाच्या घरचं कुणी नव्हतं.

"रीत काय हाय? घरटी माणूस. प्रणित येऊ दे. पंचायतीच्या मॅडम येऊ देत. ह्या भोकात दगड हायत का नायत ते त्यांनी डोळ्यानं बघू दे. मग बुजवू. मागल्या वेळी आपण आपल्या हातानं बुजवलं, आन त्याच्यावर त्यांनी पाटी ठोकली. पुन्हा तेच करायचं?"

"आन तोवर पाणी आलं तर?" धोंडुबाईचा आवाज फाटला. "माझी पोरं काय खातील, तुझी पाटी?"

तिचं खोटं नव्हतं. कृष्णाबाईनं मागं वळून आपल्या भाताकडे बघितलं. मग असं बोलली की पुरुषमाणसांनीही फावडी खाली टेकवली.

"पाणी पहिलं माझ्या शेतात येणार. येऊ दे. माझ्या आन तुझ्या शेतामधला आतला बांध सगळे मिळून वर घ्या. त्याच्या पलीकडे थेंब जायचा नाय. माझं जाईल ते जाऊ दे."

भूमिका तेवढी पुढं आली, सासूच्या दंडाला धरून म्हणाली, "आई, भात कापायला आलंय हो." कृष्णाबाई म्हणाली, "ठाव हाय मला. तू फोन लाव."

भूमिकानं फोन लावला. गाव आतल्या बांधावर तुटून पडलं. धोंडुबाई शिव्या देत देत चिखल वाहत होती, आणि शिव्या नेमक्या कुणाला, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. कृष्णाबाई मात्र खांडीतून हटली नाही. खाडीचं पाणी फिरलं. आधी तिच्या घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. ती सारखी रस्त्याकडे बघत होती. येतात का नाही? नाही आले तर? फुकटच सगळं घालवलं तर?

आल्या एकदाच्या! ग्रामसेविका अनिता मॅडम पेणहून स्कूटीवर आल्या, आणि मागोमाग मोटरसायकलवर प्रणित, पांढऱ्या शर्टात. बांधावर उभा राहून त्यानं खांडीकडे बघितलं, जमलेल्या गावाकडे बघितलं. चेहरा उतरला, पण सावरला.

"काकी, वर या आधी. पाणी चढतंय."

"दगड खंय हायत, प्रणित?"

"उधाण बघितलंत ना कसलं व्हतं? वाहून गेले दगड."

कृष्णाबाईनं वाकून दोन्ही हातांनी दार हलवलं. चिखल पचकन सुटला, हिरवा रंग दिसला, बिजागऱ्या दिसल्या.

"दगड वाहून गेले," ती म्हणाली, "आन माझं लाकडाचं दार तेवढं जागच्या जागी बसून राहिलं व्हय रे?"

पहिली हसली धोंडुबाई. तोंडभर शिव्या देणारी बाई अशी खदखदून हसली, की हातातला गोळा खाली पडला. मग सगळा बांध हसला. प्रणितचे कान लाल झाले. "मॅडम, हे ऑफिसात बोलू," तो पुटपुटला.

"हितंच बोलायचं," कृष्णाबाई म्हणाली. "घरटी माणूस उभं हाय. तुझ्या ग्रामसभेला येवढी माणसं कधी आली व्हती?"

अनिता मॅडमनी फोटो काढले. वाकून आत बघितलं, कागद काढला आणि तिथंच, चपला चिखलात रुतलेल्या असताना, लिहायला लागल्या. ज्यांना सही येत होती त्यांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठा दिला. प्रणितनंही केली. न करून जाणार कुठं, सगळं गाव त्याच्या पेनाकडे बघत होतं.

तोवर पाणी कृष्णाबाईच्या कमरेला आलं होतं. धोंडुबाईनं तिला हात देऊन वर ओढलं, दोघींनी मिळून दार ओढलं, आणि भरती आत आली. आतला बांध टिकला. कृष्णाबाईचं शेत मात्र बघता बघता खाडी झालं. लोंब्या आधी पाण्यावर डुलल्या, मग दिसेनाशा झाल्या. ती हुंदके देऊन रडली, सगळ्यांसमोर, पदरही तोंडाला न लावता. तिला कुणी गप्प केलं नाही. संध्याकाळच्या ओहोटीला खांड बुजवायची रांग लागली तेव्हा प्रणित पांढऱ्या शर्टानिशी तिच्या शेजारी उभा राहिला, आणि तिच्या हातातून चिखल घेऊन पुढं देत राहिला.

दार तिनं घरी नेलं नाही. पंचायतीच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं उभं केलं, आणि बजावलं की दगड आल्यावरच नेईन. चौकशीला पेणहून साहेब आले, पुन्हा आले, ठेकेदाराला नोटीस गेली. ती दर आठवड्याला भाजीची पाटी रिकामी झाली की पंचायत समितीत जाऊन विचारायची, "आमचे दगड खंय पोचले?" तिथला शिपाई तिला लांबून बघूनच साहेबांना सांगायला उठायचा.

उन्हाळ्यात ट्रक आले. कृष्णाबाई सकाळपासून बांधावर, डोक्यावर पदर, ट्रकच्या पुढे-मागे. मुकादम कंटाळला. समोरच्या मिठानं पांढऱ्या पडलेल्या शेताकडे बोट करून म्हणाला, "आजी, हे कोणाचं?"

"माझं."

"मग तुम्ही कशाला उन्हात उभ्या? तुमचं तर गेलं."

"गेलं म्हणूनच उभी हाय," ती म्हणाली. "दगड खरंच आत जातात का, ते बघते."

दुपारी धोंडुबाई भाकर घेऊन आली. आपल्या शेतातल्या, वाचलेल्या तांदळाची, अजून गरम. "बस गो जरा," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच केली."

कृष्णाबाईनं भाकर घेतली. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले. पण बसली नाही, उभ्या उभ्याच खाल्ली, कारण पुढचा ट्रक आला होता.