देवयानीच्या शोधात सासरे गहाळ

दुर्बिणीतून आकाश बघणाऱ्याने एक पथ्य पाळावं: सोबत आणलेली माणसं अधूनमधून मोजावीत. मी ते पाळलं नाही.

झालं असं, की विजय नगरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून दुर्बीण लावली की समोरच्या मॉलची पाटी तेवढी स्वच्छ दिसते. म्हणून नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी बायकोला, म्हणजे वृषालीला, आणि सासऱ्यांना गाडीत घातलं आणि शहराबाहेर सिमरोलजवळ एका मित्राच्या शेतावर नेलं. देवयानी दीर्घिका दाखवायला! पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश! आप्पा, म्हणजे सासरे, शहात्तर वर्षांचे, शुगरवाले, पण उत्साह माझ्या दुप्पट.

"दिसते कशी हो ती, जावईबापू?"

"धुरकट ठिपक्यासारखी."

"एवढ्यासाठी सिमरोल?" वृषाली म्हणाली.

शेतावर पोचताच मी आप्पांना घडीच्या खुर्चीत बसवलं आणि हुकूम सोडले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, सबब टॉर्च बंद, गाडीचे दिवे बंद, सगळ्यांचे मोबाइल स्विच ऑफ! (आप्पांचा मी स्वतः केला. हे पुढे वृषालीने मला अकरा वेळा ऐकवलं.)

मग मी नळीला डोळा लावला. रस्त्यातल्या खड्ड्यांनी दुर्बिणीचे स्क्रू ढिले झालेले. मी डावीकडे ढकलली की ती खाली बघायची. आप्पा मागून दोनदा काहीतरी म्हणाले, मी दोनदा "हं" म्हणालो.

"अहो, पाऊण तास झाला, काय शोधून राहिले तुम्ही?"

"सापडली! वृषाली, ये, ये!"

तिने डोळा लावला. "ही तर मोठी होऊन राहिली."

"दीर्घिका मोठी होत नसते!"

"मग तुम्हीच बघा."

खरंच मोठी होत होती. मी खिशातून रुमाल काढला आणि देवयानी दीर्घिका पुसून टाकली. काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरली होती!

"बरं, आप्पा, या, तोवर तुम्हाला कृत्तिका दाखवतो."

मी मागे वळलो. "आप्पा?" खुर्ची रिकामी!

मी माझा मोबाइल सुरू करून त्यांना फोन लावला. फोन बंद. (कोणाच्या कृपेने, ते सांगितलंच आहे.) वृषालीने टॉर्च पेटवला आणि उजेड गोल फिरवला. वीस पावलांवर विहीर, बिनकठड्याची!

"आप्पाऽऽ!" आम्ही धावलो. मी पोटावर पडून आत टॉर्च मारला. डुबुक! मी किंचाळलो. बेडूक होता. वृषाली रडायलाच लागली, आणि मी गणपतीला, मारुतीला, दिसेल त्या ताऱ्याला नवस बोलत सुटलो.

तेवढ्यात तुरीच्या पलीकडून हसणं ऐकू आलं. ओळखीचं, ठसका लागलेलं.

आम्ही तुरीतून ओरखडे घेत पलीकडे निघालो. झोपडीपुढे शेकोटी, बाजेवर घोंगडी पांघरून आप्पा, शेजारी शेताचे राखणदार रामलालजी. आप्पांच्या हातात बाटी, हनुवटीवर तुपाचा ओघळ. असं सुंदर दृश्य मी जन्मात बघितलेलं नाही. मी त्यांना मिठीच मारली.

"अहो, बाटी पडेल!"

"आप्पा, सांगून तरी जायचं!" वृषाली डोळे पुसत ओरडली.

"दोनदा सांगितलं, भूक लागलीय, चक्कर येईल, जरा शेकोटीपाशी जातो. जावईबापू 'हं' म्हणाले."

वृषालीने माझ्याकडे बघितलं. मी शेकोटीकडे बघितलं.

"मग, सापडली का देवयानी?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"आम्हाला सापडली. तुम्ही सांगितलंत ना, धुरकट ठिपका. रामलालजींना विचारलं."

रामलालजींनी शेकोटीकडे पाठ करून वर बोट दाखवलं. "ऊ तो रोज दिखे, साब."

"अगंबाई, खरंच की! नुसत्या डोळ्यांनी!" वृषाली म्हणाली.

टॉर्च आणि शेकोटीने दिपलेल्या डोळ्यांनी मी आकाश चाचपलं. सगळा काळोख, फक्त खाली क्षितिजाशी एक तांबडा ठिपका. पण सासरे जिवंत होते, बायको हसत होती, आता कशाला विषाची परीक्षा?

"दिसली! वा, काय तेज आहे!" त्या ठिपक्याकडे बोट करून मी ठोकून दिलं.

आप्पांनी माझी मान हळूच धरून वर वळवली.

"जावईबापू, तो मोबाइलचा टॉवर आहे."